नासास्थूलता

रोझेशिया या चिरकारी त्वचाविकारात नाकाची त्वचा, विशेषतः शेंड्यावरील व नाकपुड्यांच्या कडांची, हळूहळू जाड, गाठाळ व बेढब होत जाते. या अवस्थेस नासास्थूलता म्हणतात. वैद्यकात रूढ असलेले ‘रायनोफायमा’ हे नाव ‘नाक’ व ‘वाढ’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून बनले असून ते व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ञ फेर्डिनांट फोन हेब्रा यांनी १८४५ मध्ये प्रचारात आणले. पूर्ण वाढलेल्या नासास्थूलतेवर वाढीव भाग थराथराने तासून काढणे व त्यावर नवी त्वचा येऊ देणे हाच परिणामकारक उपचार आहे.

कारणे व स्वरूप : रोझेशियामध्ये चेहऱ्याच्या मध्यभागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या वारंवार विस्फारतात व त्वचेत दाह टिकून राहतो. पुढे काही रुग्णांत त्वक्‌स्नेह ग्रंथींची अतिवृद्धी होते आणि त्यांच्याभोवती तंतुमय ऊतक साचते. ग्रंथींची मुखे रुंदावल्यामुळे पृष्ठभागावर खळगे दिसतात व दाबल्यास त्यांतून पांढरट स्निग्ध पदार्थ बाहेर येतो. नाकाचे अस्थी व उपास्थी हे भाग मात्र सामान्यतः अबाधित असतात. विकार बहुधा पन्नाशीनंतर व स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. फार वाढलेली त्वचा नाकपुड्यांवर लोंबून श्वसनास अडथळा करते.

मद्यपानामुळे हा विकार होतो, ही समजूत चुकीची आहे. मद्याने चेहरा तात्पुरता लाल होतो. परंतु मद्याला कधीही न शिवलेल्या व्यक्तींतही नासास्थूलता उद्भवते. या समजुतीमुळे रुग्णास नाहक लांच्छन लागते व तो वैद्याकडे जाण्याचे टाळतो. गौरवर्णीयांत रोझेशिया अधिक प्रमाणात नोंदला जातो. सावळ्या त्वचेवर लाली सहज ओळखू येत नसल्याने भारतीय रुग्णांत निदानास विलंब होण्याचा संभव असतो.

ऊन व उष्णता यांमुळे मूळ रोझेशिया बळावतो. नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा येथे या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात. विदर्भाच्या या भागात उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते आणि येथील औष्णिक विद्युत् केंद्रासारख्या ठिकाणी बॉयलरजवळच्या कामात उष्णतेशी सतत संबंध येतो. अशा ठिकाणी राहणाऱ्या वा काम करणाऱ्या रोझेशियाच्या रुग्णाने ऊन टाळणे, रुंद काठाची टोपी किंवा उपरणे वापरणे व उष्णतेपासून शक्य तेवढे दूर राहणे हितावह असते.

निदान : बहुतेक वेळा केवळ पाहून निदान होते. तथापि जाड झालेल्या त्वचेत आधारकोशिका कर्करोगासारखी मारक वाढ दडलेली असू शकते. एकाच बाजूस झपाट्याने होणारी वाढ, न भरणारा व्रण किंवा वारंवार रक्तस्राव आढळल्यास ऊतकाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आवश्यक ठरते.

उपचार : प्रारंभीच्या अवस्थेत टेट्रासायक्लीन गटातील प्रतिजैव औषधांनी दाह कमी होतो आणि आयसोट्रेटिनॉइनाने ग्रंथींचा आकार घटतो. मात्र तंतुमय ऊतक एकदा साचले की ते औषधांनी विरत नाही; त्यावर शस्त्रक्रियाच करावी लागते. आयसोट्रेटिनॉइन चालू असल्यास अथवा नुकतेच घेतले असल्यास ते शस्त्रक्रियातज्ञास सांगणे जरूर असते, कारण खोल तासणीनंतर व्रण भरण्यावर त्याचा परिणाम होण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते.

शस्त्रक्रियेचे तत्त्व : त्वचेचा वरचा थर गेला, तरी त्वक्‌स्नेह ग्रंथी व केशपुटके यांचे खोल भाग शिल्लक असतील, तर त्यांच्या अस्तरातील कोशिका पृष्ठभागावर पसरतात व नवी बाह्यत्वचा तयार होते. त्यामुळे नाकावर दुसरीकडील त्वचेचे कलम लावावे लागत नाही. तासणी या खोल भागांपलीकडे गेली, तर मात्र व्रण आकसतो, नाकपुडीची कड वर ओढली जाते व कायमचा वण राहतो. उपास्थी उघडी पडल्यास धोका आणखी वाढतो. म्हणून या शस्त्रक्रियेत किती काढावे यापेक्षा कोठे थांबावे हे अधिक महत्त्वाचे असते. उघड्या पृष्ठावर ग्रंथींची मुखे दिसत आहेत व दाबल्यावर त्यांतून स्निग्ध पदार्थ येत आहे, तोवर ग्रंथींचे तळ शाबूत आहेत असे समजतात. नाकपुडीत बोट घालून उरलेल्या थराची जाडीही अजमावतात.

पद्धती : शस्त्रक्रिया बहुधा स्थानीय संवेदनाहरणाखाली करतात. नाकाला रक्तपुरवठा विपुल असल्याने रक्तस्राव आटोक्यात ठेवण्यासाठी संवेदनाहारी द्रव्यात ॲड्रेनॅलीन मिसळतात. धारदार पाते वापरल्यास थराची खोली चांगली कळते व काढलेले ऊतक तपासणीस पाठविता येते. पण रक्तस्राव अधिक होतो. विद्युत् प्रवाहाने तापणाऱ्या तारेच्या फासाने छेद व रक्तस्तंभन एकाच वेळी साधते. मात्र उष्णता खोलवर गेल्यास इजा होते. वेगाने फिरणाऱ्या खरखरीत चाकाने पृष्ठभाग घासून कडा एकसारख्या करतात. कार्बन डाय-ऑक्साइड लेसराचे १०·६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण ऊतकातील पाण्यात शोषले जाऊन पातळ थराचे बाष्पीभवन करतात व लहान रक्तवाहिन्या बंद करतात. तथापि बाष्प झालेले ऊतक तपासता येत नसल्याने संशयित भागाचा तुकडा आधीच काढून घ्यावा लागतो. अनेकदा दोन पद्धती एकत्र योजतात.

शस्त्रक्रियेनंतर व्रण मलमाने ओलसर ठेवतात. साधारण दोन ते तीन आठवड्यांत नवी त्वचा येते. लाली काही महिने टिकते. या काळात उन्हापासून कटाक्षाने जपावे लागते. सावळ्या त्वचेत रंग गडद किंवा फिका होण्याची शक्यता आधीच सांगणे योग्य असते. मूळ रोझेशिया कायम राहत असल्याने त्याचे उपचार चालू ठेवतात. काही रुग्णांत वाढ पुन्हा होते.

इतिहास : दोमेनीको गिर्लांदायो यांच्या सुमारे १४९० मधील व सध्या पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात असलेल्या वृद्ध व नातू यांच्या चित्रात असे नाक स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकात जर्मन शस्त्रक्रियातज्ञांनी वाढीव भाग काढण्याच्या पद्धती विकसित केल्या.

नाकाच्या शस्त्रक्रियेचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका देशी वैद्याने कपाळावरील त्वचेपासून नवे नाक करून दिले. त्याचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिन या मासिकात छापून आला व यूरोपात या पद्धतीचा प्रसार झाला. तेथे गेलेले नाक नव्याने घडवायचे होते. नासास्थूलतेत वाढलेल्या नाकातून मूळचे नाक मोकळे करायचे असते. कार्बन डाय-ऑक्साइड लेसराचा शोध बारामती येथे १९३८ मध्ये जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लावला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ मध्ये सी. बाळकृष्णन यांनी प्लॅस्टिक शस्त्रक्रियेचा विभाग उभारला. देशातील या शाखेच्या आद्य विभागांत त्याची गणना होते.

नासास्थूलता बहुधा जीवघेणी नसली, तरी चेहऱ्याच्या विरूपतेमुळे रुग्ण लोकांत मिसळणे टाळू लागतो. मद्यपानाचा आरोप न करता वेळीच निदान केल्यास कर्करोगाची शंका दूर करता येते, श्वसनाचा अडथळा नाहीसा होतो आणि एका मर्यादित शस्त्रक्रियेने रुग्णास त्याचा चेहरा बऱ्याच अंशी परत मिळू शकतो.