बामियानच्या बुद्धाचे चीवर संगणकाला का दिसले नाही?

मार्च २००१ मध्ये तालिबानने अफगाणिस्तानातील बामियानच्या दोन भव्य बुद्धमूर्ती स्फोटकांनी उद्ध्वस्त केल्या. मोठी मूर्ती सुमारे ५५ मीटर उंच होती. पुढे स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात आर्मिन ग्रून, फाबिओ रेमोन्दिनो आणि ली झांग यांनी ही मूर्ती संगणकावर पुन्हा उभी केली, तीही केवळ जुन्या फोटोंवरून.

हे कसे जमते? एका फोटोतून खोली कळत नाही. पण मूर्तीवरचा एकच बिंदू, समजा कानाचे टोक, दोन वेगळ्या जागांवरून काढलेल्या फोटोंत सापडला, तर दोन्ही कॅमेऱ्यांकडून त्याच्या दिशेने रेषा काढता येतात. त्या जिथे मिळतात, तिथे तो बिंदू. असे समान बिंदू शोधण्याला इमेज मॅचिंग म्हणतात. मात्र रेषेची दिशा अचूक हवी, तर कॅमेऱ्याची आतली मापे ठाऊक हवीत: भिंगाचे नाभीय अंतर, फोटोचा खरा मध्य, कडेच्या सरळ रेषा भिंग किती वाकवते. ही मापे काढणे म्हणजे कॅलिब्रेशन.

संशोधकांनी इंटरनेटवरचे फोटो वापरून पाहिले. आकार लहान, कॅमेरा अज्ञात, काढल्याचा काळही वेगवेगळा. मूर्ती उभी राहिली, पण ओबडधोबड. खरे काम झाले ते ऑस्ट्रियातील ग्राझचे प्रा. रॉबर्ट कोस्टका यांच्या फोटोंमुळे. त्यांनी ऑगस्ट १९७० मध्ये मोजणीच्या खास कॅमेऱ्याने काचेच्या प्लेटवर ते काढले होते. त्यातले तीनच फोटो पुरले.

तरीही चीवर हाती लागेना. सॉफ्टवेअर एका फोटोतला छोटा चौकोन घेऊन दुसऱ्या फोटोत त्याची जोडी शोधते आणि तेवढा भाग जवळपास सपाट आहे असे धरून चालते. चिवराच्या चुण्यांवर हे गृहीतक फसले. इस्त्री फिरवावी तशा त्या पुसट झाल्या. शरीर खडकात कोरलेले होते, पण चुण्या कारागिरांनी मातीत भुसा कालवून, लिंपून घडवल्या होत्या. मूर्तीची ओळखच ती! शेवटी माणसांनी चुण्यांच्या कडा हाताने मोजल्या. त्यावरून १:२०० प्रमाणातील प्रतिकृतीही बनली.

मित्रांनो, कार्ले, कान्हेरी, त्रिरश्मी अशा लेण्यांत आपण सेल्फी भरपूर काढतो, पण मापाला उपयोगी पडेल असा फोटो क्वचितच. परवानगी लागते तिथे ती घ्या. एकाच मोबाइलने, झूम न बदलता, फ्लॅश आणि फिल्टर बंद ठेवून काढा. एका जागी उभे राहून कॅमेरा नुसता फिरवला तर खोली मिळत नाही. दर फोटोला पाऊलभर बाजूला सरका. आधीच्या फोटोतला निम्म्याहून बराच अधिक भाग पुढच्यात यायला हवा. शिल्पाला न टेकवता शेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर आकार मिळेल पण माप मिळणार नाही. आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि त्यात नोंदलेली कॅमेऱ्याची माहितीही निघून जाते.