टायर, टशन आणि घाट!

वीकेंडला कर्जत-खालापूर गाठणाऱ्यांनो, तुमच्या स्पोर्टी कारचे टायर बदलायची वेळ आलीय? मग दुकानात शिरण्याआधी हे वाचाच...

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसचा शेवटचा मेल ‘सेंड’ केला की मुंबईतल्या निम्म्या गाड्या पनवेलच्या दिशेनं वळतात. कुणाचं कर्जतला फार्महाऊस बुक असतं, कुणाला खोपोलीजवळच्या इमॅजिकात जायचं असतं, तर कुणाला नुसताच घाट चढून लोणावळ्यात चहा प्यायचा असतो. हाताशी पोलो जीटी, आय२० एन लाइन किंवा व्हर्टस जीटीसारखी तरतरीत गाडी असेल तर काय, दुधात साखर! पण काही वर्षं अशी मजेत गेली की सर्व्हिस सेंटरमधला माणूस चाकाकडे बोट दाखवून म्हणतो, ‘साहेब, टायर गुळगुळीत झालेत.’ आणि मग यक्षप्रश्न उभा राहतो, आता कुठले टाकायचे?

मित्र म्हणतात, रुंद टाक. दुकानदार म्हणतो, स्कीम आहे ते घ्या. घरचे म्हणतात, स्वस्तातले बघ. एक गोष्ट मात्र या गडबडीत राहून जाते. गाडीचं इंजिन कितीही दमदार असो, रस्त्याला टेकलेला असतो तो प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढाच भाग. ब्रेक, वळण, पिकअप, सगळा कारभार त्या चार तळहातांवर!

एक सहल, तीन परीक्षा

टायर निवडायचा तर आधी आपला रस्ता बघायचा. मुंबईहून कर्जत-खालापूरची सहल म्हणजे टायरसाठी एका दिवसात तीन पेपर.

पहिला पेपर एक्स्प्रेस वेचा. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा काँक्रीटचा रस्ता २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. सपाटीवर कारला वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर. उन्हाळ्यातल्या दुपारी तापलेल्या काँक्रीटवर सलग वेगात जाताना टायर चांगलाच गरम होतो. त्यात हवा कमी असेल तर त्याची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आणखी तापते आणि शेवटी फुटू शकते. टायर फुटला की दोष काँक्रीटला दिला जातो, पण कमी हवा, जादा सामान आणि म्हातारा टायर हे त्रिकूट त्याहून जास्त घातक!

दुसरा पेपर बोरघाटाचा. खालापूरचा टोलनाका आणि खोपोली मागे पडली की चढ-वळणं सुरू. जाताना फारसं जाणवत नाही. खरी कसोटी परतीच्या उतारावर. पावसाळ्यात धुकं, रस्त्यावर पाण्याची चादर आणि पुढे अचानक ब्रेक मारणारा ट्रक. इथे हवी ती ओल्या रस्त्यावरची पकड.

तिसरा पेपर गावातल्या रस्त्यांचा. चौक फाट्यावरून कर्जत किंवा नेरळकडे आत वळलात की खड्डे, न रंगवलेले स्पीडब्रेकर आणि फार्महाऊसकडे नेणारी खडीची वाट. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा चढ तर इतका उभा, की ओल्या वळणावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. इथे साइडवॉल दणकट हवी.

आता गंमत अशी, की तिन्ही पेपरांत पैकीच्या पैकी मार्क मिळवणारा टायर अजून जन्माला यायचाय. परफॉर्मन्स टायरचं रबर तुलनेनं मऊ आणि चिकट असतं, साइडवॉल ताठ असते. त्यामुळे वळणावर गाडी रुळावर असल्यासारखी वळते. पण हाच टायर लवकर झिजतो, खड्ड्याचा धक्का थेट कमरेपर्यंत पोचवतो आणि काँक्रीटवर आवाजही करू शकतो. उलट कम्फर्ट टायर शांत आणि टिकाऊ, पण स्टिअरिंगला उत्तर थोडं निवांत देतो.

म्हणूनच एकाच कंपनीतही दोन स्वभाव सापडतात. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ पकडीकडे झुकलेला, तर प्रायमसी ४ एसटी शांततेकडे. योकोहामाच्या अ‍ॅडव्हान डीबीमधलं ‘डीबी’ हे डेसिबलचं, म्हणजे रोख पुन्हा कमी आवाजावर. तेव्हा ‘कुठली कंपनी?’ याआधी ‘कुठलं मॉडेल?’ हे विचारा.

आकड्यांची कुंडली

टायरच्या अंगावर त्याची पूर्ण कुंडली छापलेली असते. समजा लिहिलंय १९५/५५ आर १६ ८७ व्ही. १९५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ५५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के. १६ इंचाची रिम. ८७ म्हणजे एक टायर ५४५ किलो वजन पेलेल. आणि ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटरची क्षमता. ‘एच’ असेल तर २१०, ‘टी’ असेल तर १९०.

मर्यादा १०० असताना २४० कशाला, असा प्रश्न पडेल. पण हे अक्षर पळण्याचं लायसन्स नाही. टायर किती उष्णता सोसू शकतो, याची ती खूण आहे. म्हणून कंपनीनं दिलेल्या वजन आणि वेगाच्या रेटिंगपेक्षा खालचा टायर कधीच घेऊ नका, मग दुकानदार कितीही गोड बोलो.

रुंद टाकू का रुंद?

हा सगळ्यांचा लाडका प्रश्न! व्हर्टस किंवा स्लाव्हियाचा २०५/५५ आर १६ काढून २२५/४५ आर १७ टाकला, तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही. (हा फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवतात.) गाडीही दिसते झक्कास. पण साइडवॉल ११३ वरून १०१ मिलिमीटरवर येते. खड्ड्यात रिम वाचवणारी गादी सुमारे १२ मिलिमीटरनं कमी झाली! शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू शकतो, स्टिअरिंग थोडं जड होतं, मायलेज थोडं घटतं. वर्षाचे चार महिने पावसात घाट चढणाऱ्यानं हा हिशेब आधी मांडावा. बहुतेकांसाठी मूळ साइज ठेवून चांगलं मॉडेल घेणं हाच जास्त शहाणपणाचा अपग्रेड.

बदलायचे कधी?

कायद्यानं ट्रेडची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, त्यांना ट्रेड वेअर इंडिकेटर म्हणतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पण पावसात पाणी बाहेर फेकायचं काम याच खाचा करतात. त्यामुळे कोकणातल्या पावसासाठी ३ मिलिमीटरवरच सावध व्हा आणि खरेदी जूनआधी उरका.

वयही बघा. टायरवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. जून २०२० मध्ये सरकारनं टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून काही परदेशी मॉडेल्स आणि साइज मिळणं अवघड झालं. अशा वेळी ‘शेवटचा सेट आहे’ म्हणत जुना माल पुढे केला जाऊ शकतो. तारीख वाचल्याशिवाय पैसे काढू नका!

दुकानात हे विसरू नका

• चारही टायर एकाच मॉडेलचे घेतले तर उत्तम. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी सावरणं फार कठीण.

• टायरवर ‘आउटसाइड’ किंवा फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो त्याप्रमाणेच बसवलाय ना, हे स्वतः बघा.

• बिलात नवा व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून भाव विचारा.

• नायट्रोजनचा फार बाऊ नको. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महत्त्वाचं काय, तर हवा टायर थंड असताना आणि नियमित तपासणं. सामान आणि माणसं भरून निघताना दरवाजाजवळच्या स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा पाळा.

• नव्या टायरवर पहिले काहीशे किलोमीटर जपून चालवा. वरचा गुळगुळीत थर निघाल्यावरच पूर्ण पकड मिळते.

• स्टेपनीचं वय आणि हवाही तपासा. ती बिचारी कुणाला आठवतच नाही.

बोरघाटातल्या जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते स्थान, असं सांगतात. येणारे-जाणारे ड्रायव्हर तिथे नाणं टाकून पुढे जातात. तुम्हीही जरूर टाका. फक्त घरून निघताना एकदा वाकून चारही टायर बघितलेले असू द्या. शिंगरोबावर तेवढाच भार कमी!