संगणकाची खोली का तापते?

विद्यार्थ्यांनो, उन्हाळ्यात अमरावती आणि अकोला ही शहरे फार तापतात. मे 2024 मध्ये अकोल्याचे तापमान 45 अंश सेल्सिअसच्या वर गेले होते. म्हणून एप्रिलपासून अनेक शाळा सकाळी भरतात. तरीही संगणकाच्या खोलीत शिरताच उकडू लागते. शेजारच्या वर्गात तितके उकडत नाही. असे का होते?

विजेची शेगडी वीज घेते व उष्णता देते. संगणकही वीज घेतो. तो हिशेब करतो, चित्रे दाखवतो. पण शेवटी त्याने घेतलेल्या जवळजवळ सर्व विजेची उष्णताच होते. टेबलावरचा साधा संगणक पडद्यासह सुमारे 100 वॅट वीज घेतो. शांत बसलेला माणूसही जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. आता हिशेब करा. खोलीत 20 संगणक आणि 20 विद्यार्थी असले, तर 4000 वॅट होतात. म्हणजे हजार वॅटच्या चार शेगड्या पेटवल्यासारखेच झाले!

संगणकातील लहान पंखा गरम हवा बाहेर फेकतो. ती खोलीतच राहते. छताचा पंखाही हवा थंड करत नाही. त्याच्या वाऱ्याने घाम वाळतो, म्हणून आपल्याला बरे वाटते. खोली फार तापली, तर संगणक मंद चालतो, कधी बंदही पडतो. मुलांचे डोके दुखते, चक्कर येते.

यावर उपाय आहेत. सकाळी बाहेरची हवा थंड असते. तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या आणि वरचे झरोके उघडावेत. गरम हवा हलकी असते. ती वरून निघून जाते. दुपारी मात्र बाहेर झळा असतात. तेव्हा कूलर लावावा. वऱ्हाडातील उन्हाळी हवा कोरडी असते. ती ओल्या वाळ्यातून जाते, तेव्हा पाण्याची वाफ होते आणि हवा थंड होते. पण समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. नाहीतर खोली दमट होते. संगणक भिंतीला चिकटवून ठेवू नये.

सर्वांत सोपा उपाय तुमच्याच हातात आहे. काम संपले की संगणक बंद करा. 10 संगणक तासभर बंद राहिले, तर एक युनिट वीज वाचते आणि खोलीतली एक शेगडीही विझते!

शब्दार्थ
उष्णता – गर्मी
झरोका – रोशनदान
झळा – लू
वाळा – खस
दमट – ओलसर

स्वाध्याय
1. छताच्या पंख्यामुळे आपल्याला बरे का वाटते?
2. सकाळी खिडक्या उघडाव्यात, पण दुपारी उघडू नयेत. का?
3. तुमच्या शाळेतील संगणक मोजा. ते सर्व चालू असताना किती वॅट उष्णता देतात, ते काढा.