गव्हातले निळे फूल : दिसायला साजिरे, चाऱ्यात नको



जानेवारी-फेब्रुवारीत गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या शेतात वाकून पाहिले, तर जमिनीलगत पसरलेले एक इवलेसे निळे फूल दिसते. हिंदीत त्याला कृष्णनील किंवा जोंकमारी म्हणतात. १७५३ साली लिनीयसने त्याचे नाव ॲनागॅलिस आर्वेन्सिस असे ठेवले. लॅटिनमध्ये आर्वेन्सिस म्हणजे शेतातले. हे प्रिम्युला कुळातील एका हंगामाचे तण आहे. युरोपात त्याचे फूल बहुधा शेंदरी असते, आपल्याकडे निळे.

ओळख सोपी आहे. खोड चौकोनी, पाने समोरासमोर व बिनदेठाची, पानांच्या पाठीवर काळसर ठिपके, फुलाला पाच पाकळ्या. ऊन पडले की फूल उमलते, ढग आले की मिटते. म्हणून इंग्लंडातील लोक त्याला मेंढपाळाचे हवामानयंत्र म्हणत. पण दुपारनंतर ते उन्हातही मिटते. तेव्हा मिटलेले फूल पाहून पाऊस येणार असे धरून चालू नये.

आता महत्त्वाचे. या झाडात सॅपोनिन नावाची विषारी द्रव्ये असतात. पूर्वी लोक पाण्यातील मासे गुंगविण्यासाठी आणि जळवा काढण्यासाठी ते वापरीत, जोंकमारी हे नाव त्यावरूनच पडले. चवीला ते कडू असल्यामुळे जनावर सहसा त्याला तोंड लावीत नाही. पण निंदणीचे गवत आपण भारा बांधून गोठ्यात टाकतो, तेव्हा भुकेले जनावर निवडीत बसत नाही. ऑस्ट्रेलिया व उरुग्वे येथे हे तण जास्त खाल्ल्याने मूत्रपिंडे निकामी होऊन मेंढ्या व गुरे दगावल्याची नोंद आहे.

म्हणून आपण एवढे करावे : चारा टाकण्यापूर्वी निळी फुले असलेले तण वेगळे काढावे. जनावर खाईनासे झाले, पातळ हगू लागले व मलूल दिसले, तर घरगुती औषधात वेळ न घालविता पशुवैद्यास बोलवावे आणि ते तण त्यांना दाखवावे. माणसांनीही त्याचा काढा पिऊ नये.

निंदणी फुले येण्यापूर्वीच उरकावी. याचे बोंड डबीच्या झाकणासारखे उघडते आणि एकेका बोंडातून तीस-पस्तीस बिया सांडतात. त्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. आज वेचलेले एक रोप पुढच्या कित्येक हंगामांचे श्रम वाचवील.