बालकांचा तमकश्वास आणि इन्हेलरचा वापर

धूळ, धूर व वारा ही श्वासव्याधीची कारणे चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या १७ व्या अध्यायात सांगितली आहेत. परभणी जिल्ह्यात सोयाबीनच्या मळणीचे भुसकट उडू लागले, मानवत-सेलूकडे कापसाची आवक वाढली, की तमकश्वासाची बालके आमच्याकडे येऊ लागतात. बहुतेकांजवळ इन्हेलर असतो. तरी ‘पंपाने गुण नाही’ ही पालकांची तक्रार. आमच्या मते दोष बहुधा औषधाचा नसून ते घेण्याच्या रीतीचा असतो.

इन्हेलरमधून औषध अतिवेगाने सुटते. श्वास त्याच क्षणी ओढणे लहान बालकास जमत नाही व औषध घशातच आदळून राहते. म्हणून स्पेसर हवाच. साधारण चार वर्षांपर्यंत मुखवट्यासह, पुढे तोंडात धरण्याच्या नळीसह. इन्हेलर हलवावा, मुखवटा नाका-तोंडावर घट्ट बसवावा, एकच फवारा सोडून बालकास पाच-सहा वेळा सहज श्वास घेऊ द्यावा. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने, पुन्हा हलवूनच. एकदम दोन फवारे सोडू नयेत. रडत्या बालकाच्या फुफ्फुसात औषध फारसे पोहोचत नाही. आधी त्यास शांत करावे. स्पेसर साबणाच्या पाण्याने धुऊन तसाच वाळवावा. पुसल्यास स्थिर विद्युत निर्माण होऊन औषध आतल्या भिंतीस चिकटते.

‘सवय लागते’ ही भीतीही निराधार आहे. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर त्याच औषधाच्या ५ मिलि सिरपमध्ये सामान्यतः २००० मायक्रोग्रॅम. सिरप निःशंक पाजणारे पालक फवाऱ्याला भितात, हे नवलच!

औषधविक्रेत्या बंधूंनी स्पेसरविषयी विचारल्याशिवाय इन्हेलर देऊ नये व काउंटरवरच कृती करून दाखवावी. डबी पाण्यात तरंगवून औषध उरले की नाही ते कळत नाही; औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसत राहतो. २०० फवाऱ्यांच्या डबीवर गणक नसल्यास वापराची नोंद ठेवण्यास सांगावे.

वैद्यांसाठी एक आग्रहाचे सांगणे. सितोपलादि चूर्ण, कंटकारी अवलेह आपण अवश्य द्यावेत. परंतु बालरोगतज्ज्ञांनी रोज घेण्यास दिलेला स्टेरॉइडचा प्रतिबंधक इन्हेलर आपण परस्पर बंद करू नये. तो घेतल्यावर चूळ भरावयास सांगावी, इतकेच. वाग्भटांनी १८ वर्षांखालील व्यक्तीस धूमपान वर्ज्य सांगितले आहे. तेव्हा वेग आलेल्या बालकास धुरी तर नकोच.

बरगड्यांमधील भाग आत ओढला जात असेल, बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा फवाऱ्याचा गुण चार तासही टिकत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून बालकास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. वाटेतही स्पेसरमधून फवारे चालू ठेवावेत.