एड्स आणि राज्यकर्ते
बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात एकाच लेथवर पाळीपाळीने काम करणारे दोन कामगार घ्या. त्यांतील एकाच्या रक्तात एड्सचा विषाणू असला, तरी दुसऱ्यास त्याचे भय नाही. हा विषाणू स्पर्शाने वा श्वासाने पसरत नाही. तो शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून व मातेकडून बालकाकडे जातो. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे) व त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी भारतातील पहिले बाधित शोधून काढले, तेव्हाही शास्त्रज्ञांना हे ठाऊक होते.

राज्यकर्त्यांचे पाऊल मात्र भलतीकडे पडले. गोव्यात बाधितांना सक्तीने अलग ठेवण्याचा कायदा झाला आणि १९८९ साली डॉमिनिक डिसूझा या तरुण रक्तदात्याला म्हापशास ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. रोगी नव्हे, जणू गुन्हेगारच! परदेशीही निराळे नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष रीगन यांनी या रोगावर पहिले मोठे भाषण केले ते १९८७ साली, हजारो माणसे दगावल्यावर.

भारतात २००३ साली आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी मोफत औषधांची घोषणा केली. एप्रिल २००४ पासून महाराष्ट्र व कर्नाटक धरून सहा राज्यांत ती मिळू लागली. बाधिताच्या नोकरीला केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळण्यास मात्र २०१७ साल उजाडले; अंमल सुरू झाला तो सप्टेंबर २०१८ मध्ये. आता पीण्यातील कारखानदाराला नोकरी देण्यापूर्वी या विषाणूच्या चाचणीची अट घालता येत नाही.