ई-बाईक भाड्याने देताय? गाडीआधी जागा बघा

दहा इलेक्ट्रिक बाईक घ्यायच्या, सीताबर्डी किंवा शंकरनगर मेट्रो स्टेशनबाहेर उभ्या करायच्या, क्यूआर कोड लावायचा, तासाप्रमाणे भाडं चालू! ट्रेनिंगला येणारे कितीतरी जण मला हा हिशोब वहीत मांडून दाखवतात. गाडीची किंमत असते, बॅटरीची असते. गाड्या रात्री कुठे उभ्या राहणार, तो कॉलमच नसतो.

आधी कायदा. मोटर 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किमीपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत आणि मॉडेलला सरकारमान्य चाचणी संस्थेची मंजुरी असेल, तर ती गाडी 'मोटार वाहन' धरली जात नाही. आरटीओ पासिंग नको, चालवणाऱ्याला लायसन्सही नको. पण कोणी म्हणालं, "भाऊ, स्पीड लॉक खोलून देतो," तर सरळ नाही म्हणा. लॉक खोललं की ती विनानोंदणी, विनाविमा मोटार झाली, आणि अपघातात तुम्ही सापडलात.

जास्त वेगाची गाडी घ्याल तर केंद्राची 1997 ची मोटारसायकल भाडे योजना लागू होते. लायसन्स लागतं, ताफ्यात किमान पाच गाड्या लागतात. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसतात ना, त्या भाड्याच्या गाड्या. (2025 चे राज्याचे ई-बाईक टॅक्सी नियम वेगळे. तिथे चालक प्रवाशाला नेतो. गल्लत करू नका.)

आता जागा. आरटीओला तुमची हळू बाईक दिसत नाही, पण फुटपाथ मनपाचा आहे. मी दुकानदार आहे. सकाळी शटरपुढे तीन अनोळखी बाईक आडव्या दिसल्या तर मीही त्या ढकलून बाजूला करीन. पुण्यात 2017-18 मध्ये भाड्याच्या सायकली हव्या तिथे सोडता येत होत्या. मोडतोड झाली, चोऱ्या झाल्या, आणि दोनेक वर्षांत कंपन्यांनी हात आखडता घेतला.

आपल्या नागपुरातलंच बघा. मे 2017 मध्ये ओलाने इथे इलेक्ट्रिक टॅक्सी आणल्या, तेव्हा देशभर गाजावाजा झाला. नंतर चार्जिंगसाठी गाड्यांच्या रांगा रस्त्यावर आल्या, ट्रॅफिक अडला, रहिवासी चिडले आणि एक चार्जिंग स्टेशन बंद करावं लागलं. गाड्या चालत होत्या, अडली ती थांबण्याची जागा.

सिंगापूरने यावर साधा तोडगा काढला. 2018 च्या कायद्याने कंपन्यांना परवाना सक्तीचा केला आणि पार्किंगच्या जागेवरच क्यूआर कोड लावले. तो स्कॅन केल्याशिवाय ट्रिप संपत नाही, वर दंड. पॅरिसमध्ये भाड्याच्या ई-स्कूटरवर 2023 मध्ये मतदान झालं. मत द्यायला आले थोडेच, पण आलेल्यांपैकी 89 टक्के विरोधात गेले आणि सप्टेंबरपासून धंदा बंद.

आपल्याकडे मनपाने असा नियम करायची वाट कशाला बघता? कोड गाडीवर लावा, तसा जागेवरही लावा. गाडी ठरलेल्या जागी परत येईपर्यंत भाड्याचं मीटर चालू ठेवा, आणि हे ग्राहकाला गाडी देतानाच मराठीत, हिंदीत लिहून द्या. सुरुवात फुटपाथवरून नकोच. खापरीकडचं होस्टेल, कॉलेजचं आवार, लॉजची मोकळी जागा शोधा. मालकाला भाड्यातला वाटा द्या, चार्जिंगचं वेगळं मीटर बसवा, सावली बघा, कारण मे महिन्यात आपल्याकडे बॅटरी उन्हात ठेवणं परवडत नाही.

करार अकरा महिन्यांचा लेखी झाला की मगच डीलरकडून कोटेशन मागवा.